कोट काढून सांग

आमच्या घरातली मुलगी रोज संध्याकाळी टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात दिसायची. मुलगी म्हणजे माझी नणंद. साथ आली, सगळं बंद झालं आणि सरकारचे प्रमुख रोज लोकांसमोर येऊन बोलू लागले. त्यांचं बोलणं हातांच्या भाषेत सांगायला त्यांच्या शेजारी काळ्या कोटातली एक बाई उभी राहू लागली. ती आमची ताई. कोट काळा, कारण पुढे हात स्वच्छ दिसायला हवेत. बोटात अंगठी नाही, नखांना रंग नाही. शेजारीण जिन्यात भेटली की म्हणायची, "तुमची ताई म्हणजे अर्धं सरकारच की." मी म्हणायचे, "हो, आणि उरलेलं अर्धं आमच्याकडे भांडी घासतं."

माझ्या सासऱ्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांनी सगळं आयुष्य छापखान्यात काढलं. मशीनच्या धडधडीने बरोबरचे कामगार पन्नाशीत बहिरे झाले, आणि हे मात्र 'मी आधीच तयारी करून आलो होतो' असं हातांनी सांगून हसायचे. मी या घरात लग्न करून आले तेव्हा मला एकही खूण येत नव्हती. स्वयंपाकघरात शिकले, चुकत चुकत. या भाषेत अहो-जाहो नाही. बोट दाखवलं की झालं, मग समोर सासरा असो की मांजर. आदर तोंडावर दिसावा लागतो, आणि माझ्या तोंडावर तो कधी दिसत नाही अशी नवऱ्याची तक्रार आहे. इथे मी त्यांचं बोलणं शब्दांत मांडते आहे, पण ते सगळं हातांनी झालेलं आहे.

या भाषेत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, आणि ते सासरेच ठेवायचे. त्यांचा छापखान्यापासूनचा दोस्त होता मिशी. त्याने मिशी काढून वर्षं लोटली होती, नाव तेच राहिलं. सरकारप्रमुखांचं नाव त्यांनी बाही ठेवलं, कारण अवघड काही बोलायचं असलं की साहेब आधी कोटाची बाही खाली ओढायचे. ताई त्यांच्या कार्यालयातल्या माणसांच्या गोष्टी सांगायची, त्यावरून सासऱ्यांनी न पाहिलेल्या माणसांनाही नावं दिली. साहेबांचा राजकीय सल्लागार कानावर पेन्सिल ठेवायचा, तो झाला पेन्सिल. आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई झाल्या नाडी.

आणि आमच्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. ऐकू येणाऱ्यांच्या घरात राग आला की माणसं दार आपटतात. आमच्याकडे डोळे मिटायचे. डोळे मिटले की समोरचा कितीही बोलो, बोलणं संपलं. याच्याइतका अपमान दुसरा नाही. सासऱ्यांनी मुलांना लहानपणी एकच नियम घातला होता: काय भांडायचं ते भांडा, पण डोळे उघडे ठेवून.

आता ताईच्या कामातली गोम. साहेब 'मी' म्हणाले की ताईलाही 'मी' म्हणावं लागतं, आणि त्यासाठी स्वतःच्या छातीवर बोट ठेवावं लागतं. साहेब म्हणाले, "मी तुम्हाला हात जोडून सांगतो, घरी राहा," की ताई छातीवर बोट ठेवून तेच सांगणार. कामाचा नियमच तसा आहे. सासऱ्यांना हा नियम तिने दहादा समजावला. ते मान डोलवायचे आणि पुन्हा कोपऱ्याकडेच बघायचे. साहेबांकडे त्यांनी कधी बघितलं नाही. ऐकू न येणाऱ्यांचा त्यांचा एक क्लब होता, तिथल्या मंडळींचंही तेच. 'सरकार म्हणालं' असं त्यांच्यात कुणी म्हणत नसे, सासऱ्यांना फोनच्या पडद्यावर दिसले की म्हणायचे, 'तुझी मुलगी म्हणाली.' तुझी मुलगी घरी राहा म्हणाली, म्हणून मिशी घराबाहेर पडला नाही. नातवाच्या वाढदिवसालाही गेला नाही. आणि आमचे सासरे तर कचऱ्याची पिशवी दारात ठेवायलाही पुढे होत नव्हते, मुलीचा शब्द मोडेल म्हणून.

महिने गेले तसा लोकांचा धीर सुटला. यात कुणाला नावं ठेवू? माझ्या नवऱ्याचं सलून आहे. खुर्च्यांवर धूळ बसली, आरशांवर डाग चढले, आणि तो घरात माझ्या केसांकडे बघत बसायचा. सलूनवाल्यांचा मोर्चा निघाला तेव्हा त्यांचा फलक आमच्याच जेवणाच्या टेबलावर रंगला. 'आम्ही जगायचं कसं?' प्रश्न खरा होता. हॉटेलवाले रस्त्यावर आले, लग्नाचे हॉलवाले आले, जिमवाले तर रस्त्यातच जोर काढायला लागले. विरोधी पक्षाचा पुढारी त्यांच्यात मास्क न लावता फिरायचा आणि टाळ्या मिळवायचा. साहेबांच्या पक्षातलेच काही लोक त्याच्याबरोबर जेवायला जाऊ लागले. आगीत तेल सगळेच ओतत होते, आणि प्रत्येकाचं म्हणणं होतं की मी फक्त दिवा लावतोय.

ताईला भाषणाआधी तयारीसाठी आत बसू द्यायचे. कोपऱ्यात एक खुर्ची होती. तिच्यासमोर सगळे बिनधास्त बोलायचे. ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाईलाही कान नसणार, असा त्यांचा समज असावा. घरी आली की कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि मग सांगायची. कोट अंगावर असेतो ती घरात चकार शब्द बोलत नसे. 'कोट घातला की हात साहेबांचे, काढला की माझे,' असं ती म्हणायची, आणि सासऱ्यांना ते फार आवडायचं. काही खरं-खोटं विचारायचं झालं की ते छातीवरून कोट उतरवल्याची खूण करायचे. कोट काढून सांग.

त्या दिवशी आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. व्यापारी संघाचा अध्यक्ष साहेबांना म्हणाला, "साहेब, निवडणुकीला आमची माणसं विचारतील, तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, तेव्हा मी काय दाखवू? कुलूप?" पक्षाचे दोन आमदार काही न बोलता नुसते बसून होते, आणि ते न बोलणंच साहेबांना जास्त लागलं. नाडीबाईंनी हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाल्या, "उघडायचं तर उघडा. पण एक वाक्य भाषणात ठेवा. म्हाताऱ्या माणसांनी अजून थोडे दिवस घरीच थांबावं. दवाखान्यात जागा नाही."

पेन्सिल म्हणाला, "तेच वाक्य नको. आपले निम्मे मतदार म्हातारे आहेत. त्यांना काय सांगायचं, की पोरं मोकळी आणि तुम्ही कोंडलेले?"

साहेबांनी बाही ओढली. म्हणाले, "डॉक्टर, मला तुमचं पटतं. पण पटणं वेगळं आणि परवडणं वेगळं."

वाईट माणूस नव्हता तो. ताई म्हणायची, त्याला रात्र रात्र झोप लागत नाही. मला त्याचाच जास्त संताप येतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर रागवून काय उपयोग? याला कळत होतं.

आता ताईची तयारी त्या वाक्यासकट झाली होती. हातांची तयारी तोंडपाठ केल्यासारखी असते, एक खूण संपायच्या आत पुढची बोटांत येते. वाक्य ऐन वेळी काढलं. साहेब कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "मी तुम्हाला सांगतो, आता बाहेर पडा, आपल्या माणसांना भेटा," आणि ताईचे हात पुढच्या वाक्यासाठी वर उचलले गेले. वाक्य आलंच नाही. हात तसेच क्षणभर थांबले आणि खाली आले. मग साहेब म्हणाले, "घाबरू नका," आणि ताईने छातीवर बोट ठेवून तेही सांगितलं. माझा नवरा तोवर सलूनची किल्ली शोधायला उठला होता. सासरे मात्र हलले नाहीत.

ताई घरी आली तर ते दारातच उभे.

"'घाबरू नका'च्या आधी तुझे हात वर आले आणि रिकामे खाली गेले. तिथे काय होतं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि सगळं सांगितलं, पेन्सिल, नाडी, बाही, सगळं. शेवटी म्हणाली, "बाबा, आता माझं ऐका. तुम्ही कुठेही जायचं नाही. क्लबात तर नाहीच नाही."

"मघाशी म्हणालीस, बाहेर पडा."

"ती मी नव्हते. ते साहेब."

"हात कुणाचे होते?"

"बाबा, तुम्हाला माहीत आहे हे कसं असतं."

"मला माहीत आहे. मिशीला कोण सांगणार? त्याच्या घरी कोट काढून सांगायला कोण आहे?"

"तुम्ही सांगा त्याला."

"काय सांगू? माझी मुलगी जगाला एक सांगते आणि बापाला एक?"

जेवायला बसलो तरी दोघांचं थांबेना, तेव्हा नवरा मध्ये पडला. तोंडाने आणि हातांनी एकदमच म्हणाला, "बाबा, उघडलंय आता सगळं. एवढं काय त्यात? मास्क लावा आणि जा." मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. लाथेची खूण सगळ्या भाषांत सारखीच असते, पण त्या दिवशी त्याला ती कळली नाही. कशी कळेल, सकाळी दुकान उघडायचं होतं.

सासरे ताईला म्हणाले, "पुढच्या वेळी उभी राहशील तेव्हा ते वाक्य सांग. बाही सांगो न सांगो."

"असं करता येत नाही. आज मी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं, तर उद्या माझ्या हातांवर कोण विश्वास ठेवेल?"

"आज ठेवला," सासरे म्हणाले. "त्याचं काय केलंस?"

आणि ताईने डोळे मिटले. चांगली जाणती बाई, बापाच्या समोर, जेवणाच्या ताटावर. सासऱ्यांचे हात हवेतच राहिले. मी इतक्या वर्षांत त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट उचललं आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताईने कार्यालयात विषय काढला, हे मला कबूल केलं पाहिजे. ती पेन्सिलला म्हणाली, निदान ऐकू न येणाऱ्यांसाठी वेगळी सूचना काढा, त्यांच्यात म्हातारे बरेच आहेत आणि त्यांचा क्लब छोटासा आहे. पेन्सिलने विचारलं, "असे साधारण किती मतदार असतील?" कुचकेपणाने नाही, त्याला खरंच आकडा हवा होता. तिला आकडा माहीत नव्हता. तो म्हणाला, "बघू मग."

क्लब उघडला त्या दिवशी सासरे आधी मुलाच्या सलूनमध्ये गेले. महिनोन्‌महिने वाढलेले केस कापून घेतले, दाढी केली. बापलेक दोघेही खुशीत होते. नवऱ्याने त्यांना मोठ्या आरशापुढच्या खुर्चीत बसवलं आणि मला तो फोटो पाठवला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो उघडत नाही.

घरी येऊन त्यांनी धुतलेला शर्ट घातला. मी दारात आडवी उभी राहिले.

"जाऊ नका," मी म्हणाले. "ताईने सांगितलंय."

"ताईने काय सांगितलंय ते सगळ्यांनी बघितलंय. ते सगळे तिच्या शब्दावर आज येणार. मी एकटाच गेलो नाही तर काय म्हणतील? बापच हिचं मानत नाही."

"मग जाऊन सांगा त्यांना खरं. परत पाठवा."

"पाठवतो," ते म्हणाले. मग हसले. "एक डाव झाला की."

मी बाजूला झाले. धरून ठेवायला ते काय पोर होते? एका परीने ते मुलीची अब्रू राखायला निघाले होते, आणि दुसऱ्या परीने त्यांना पत्ते खेळायचे होते, आणि दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या.

त्यांचा क्लब म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दाराशी घंटा नाही, बटण दाबलं की छताचा दिवा उघडझाप करतो. पत्ते खेळताना त्यांची फार पंचाईत होते. बोलायचं तर पत्ते खाली ठेवावे लागतात, आणि ठेवले की शेजारचा बघतो. म्हणून प्रत्येक डाव भांडणात संपतो. आणि मास्क लावून ही भाषा बोलताच येत नाही. हात निम्मंच सांगतात, उरलेलं तोंडावर असतं. प्रश्न आहे की टोमणा, ते ओठांवरून कळतं. इतक्या महिन्यांनी माणसं भेटली होती. आत शिरल्या शिरल्या सगळ्यांनी मास्क काढून खिशात घातले. खिडक्या बंद होत्या, बाहेर गारठा होता.

ते परत आले ते आनंदात. मी विचारलं, सांगितलंत का? म्हणाले, मिशी जिंकत होता, मध्येच कसं सांगू?

आधी मिशी पडला. मग आमचे सासरे. क्लबातल्या आणखी काहींना झालं, ते घरीच बरे झाले. या दोघांना एकाच दवाखान्यात नेलं. आम्हाला आत सोडत नव्हते. आत सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, एकाचंही तोंड दिसत नाही. सासरे हात हलवून काहीतरी विचारत राहिले, सुई निघाली, नळी निघाली. आतल्यांना वाटलं, म्हातारा भ्रमात हातपाय झाडतोय. त्यांनी त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले. मी फोनवर नर्सला म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांचं तोंड बांधलंय." तिला आधी कळेना. कळलं तेव्हा म्हणाली, "एक हात सोडते." देव तिचं भलं करो.

दवाखाने भरून वाहू लागले तसा साहेबांनी पुन्हा सगळा बंद जाहीर केला. मोर्चेवाले गप्प झाले, विरोधी पुढारी गावाला गेला. साहेबांनी बाही ओढली आणि म्हणाले, "हे सांगताना मला अतिशय दुःख होतंय. वडीलधाऱ्यांना आपण जपायला हवं होतं." ताईने छातीवर बोट ठेवलं. मला. अतिशय. दुःख. तिचे डोळे भरून आले आणि कॅमेऱ्याने ते टिपले. बाहेर आल्यावर पेन्सिल तिला म्हणाला, "आज तुमच्यामुळे भाषण पोचलं बघा." ही वाक्यं तिने मला जशीच्या तशी सांगितली. मी त्याला भेटले असते तर त्याची पेन्सिल त्याच्या कानावर राहिली नसती.

त्याच संध्याकाळी ती थेट दवाखान्याच्या आवारात आली, कोटासकट. मी आणि नवरा तिथेच भिंतीशी बसलो होतो. मिशीचा मुलगा येऊन सांगून गेला होता की त्याचे वडील पहाटे गेले. ताईला ते मी सांगितलं.

तेवढ्यात नर्सचा फोन आला. ती म्हणाली, जागे आहेत, पटकन बोला. पडद्यावर सासरे दिसले. तोंडावर नळ्या, केस मात्र नवऱ्याने कापलेले तसेच नीट. सुटा हात हळूहळू वर आला. त्यांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं आणि भुवया उचलल्या. मिशी कसा आहे?

ताईने मला फोन धरायला दिला. तिचे दोन्ही हात मोकळे झाले.

"मिशी बरा आहे," ती म्हणाली. "क्लबातले सगळे बरे आहेत. घाबरू नका."

सासरे बघत राहिले. मग त्या एका हाताने, फार कष्टाने, त्यांनी छातीवरून काहीतरी उतरवल्यासारखं केलं. नर्स म्हणाली, "त्यांना पांघरूण नकोय का?" मी म्हणाले, नाही.

ताईने कोट काढला. घाई केली नाही. तो खाली जमिनीवर ठेवला आणि आतल्या साध्या शर्टात फोनसमोर उभी राहिली. पुन्हा सांगितलं. मिशी बरा आहे. सगळे बरे आहेत. मी तिच्या हातांकडे बघत होते. कुठेही थांबले नाहीत ते. एकही खूण अडखळली नाही. इतकं सफाईदार ती टीव्हीवरही कधी बोलली नव्हती.

सासऱ्यांनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग डोळे मिटले.

ताई हात हलवत राहिली. बाबा, बाबा, माझ्याकडे बघा. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नर्स हलक्या आवाजात म्हणाली, "झोपले बहुतेक. बरं वाटलं असेल त्यांना." आमच्या घरात डोळे मिटण्याचा अर्थ काय, हे तिला कुठून माहीत असणार? तिने फोन ठेवला.

ते पुन्हा जागे झाले नाहीत.